सुपारी फुटेपर्यंत

यंदा थंडी उशिरा आली आणि आल्या आल्या हाडात शिरली. चांगलं उजाडल्यावरसुद्धा गोगाबाबा टेकडीवरून खालचं शहर दिसत नाही. नुसतं धुकं, आणि त्यातून डोकं वर काढलेल्या पाण्याच्या टाक्या. आमचं फिरायला जाणाऱ्यांचं टोळकं कानटोप्या घालून चढत असतं. सगळे पन्नाशी ओलांडलेले. भेटल्यावर राम राम नंतर, आधी साखर.

"काल उपाशीपोटी एकशे अठरा," जोशी सांगतात.

"आणि जेवल्यावर?"

"जेवल्यावरचं विचारायचं नसतं, साहेब."

रक्तदाब, कोलेस्टेरॉल, ड जीवनसत्त्व, हे सगळे आकडे आम्ही एकमेकांना मोकळेपणानं सांगतो. शाळेत गुण सांगायचो तसे. मात्र अर्ध्या चढावर एकेक जण वाट सोडून झुडपांकडे वळतो आणि परत आल्यावर "फोन होता" म्हणतो. तिकडे रेंज चांगली येते, असंही एक जण म्हणतो. थंडीत घाम येत नाही, त्यामुळे शरीरातलं पाणी दुसऱ्या वाटेनं जास्त वेळा बाहेर पडतं, हा सरळ हिशेब आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण आमच्यातले दोघे-तिघे आता सकाळी पाणीच पीत नाहीत. वर पंचाईत नको म्हणून.

मला हे हसण्यावारी नेता येत नाही. थंडी पडली की चार वर्षांपूर्वीचा हिवाळा येऊन माझ्याशेजारी चालायला लागतो.

त्या हिवाळ्याचा पहिला वास उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा. सुनंदाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, थोरला भाऊ दौलताबादजवळ शेती करतो. सगळे त्याला अण्णा म्हणतात. दर वर्षी मार्गशीर्षात अण्णा शेंगांचं पोतं आणि पेरूंची करंडी घेऊन आमच्याकडे येत. वय तेव्हा एकसष्ट. तंबाखू नाही, दारू नाही. बाजरीची भाकरी, पालेभाजी, जवसाची चटणी, करडईचं तेल, आणि दिवसभर रानात पायपीट. मी कारखान्यात खुर्चीवर बसणारा, त्यामुळे माझ्या पोटाकडे बघून त्यांचं ठरलेलं वाक्य असे.

"आमचं शरीर म्हंजी बाभळीचं लाकूड, दाजी. तुमच्यावानी प्लायवूड नाय."

त्या वर्षी ते आले, सुनंदानं चहा टाकला, आणि अण्णा म्हणाले, "मला नको गं."

सुनंदा गाळणी हातात धरून तशीच उभी राहिली. ते गेल्यावर मला म्हणाली, "अण्णानं चहाला नाही म्हटलं. काहीतरी झालंय."

"पित्त झालं असेल."

"अण्णाला पित्त? अहो, तो कढईतून चहा पिणारा माणूस आहे."

चहा ही एक गोष्ट. दुसरी अशी, की ते एसटी सोडून त्या गारठ्यात मोटारसायकलवर येऊ लागले होते. तिसरी, लग्नकार्यात पुढच्या रांगेतला माणूस आता मांडवाच्या कडेची खुर्ची धरू लागला होता. ही सगळी सुटी सुटी मापं होती. त्यांची बेरीज व्हायला सुपारीचा दिवस यावा लागला.

अण्णांना एकच मुलगी, अश्विनी. शहरातल्या एका शाळेत शिकवते. तिला वैजापूरचं स्थळ आलं होतं. कापसाचा व्यापार, घर चांगलं, मुलगा शिकलेला. मुलाचे वडील भगवानराव, भारदस्त माणूस, बोलणं मोजकं. बैठक अण्णांच्या घरी ठरली.

आमच्याकडे बैठकीत दोन्हीकडची मंडळी सतरंजीवर समोरासमोर बसतात आणि मध्यभागी दोन्ही बाप. बोलणी होऊन सुपारी फुटेपर्यंत या दोघांनी उठायचं नसतं. असा नियम कुठे लिहिलेला नाही. पण मुलीचा बाप मधेच उठला तर त्याला काहीतरी खटकलं, असा अर्थ निघतो. आणि दोनदा उठला तर त्याला काहीतरी आहे, असा. अण्णांच्या घरात मोरीकडे जायची पुरुषांची वाट बैठकीच्या पुढूनच जाते. सगळ्या पाहुण्यांच्या नजरेसमोरून.

म्हणून अण्णांनी त्या दिवशी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. शिवाय दोन दिवस त्यांना सर्दी होती, आणि सुपारी फुटताना मुलीच्या बापाला शिंक आली तर काय होईल या धास्तीनं त्यांनी औषधाच्या दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणून सकाळी दोन घेतल्या होत्या. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला दिसत होते ते इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसलेले अण्णा.

बोलणी लग्न कुठे करायचं यावर अडली. वैजापूरला की इकडे. दोन्हीकडच्या काकांना आपापलं गाव सोडवेना. दुपार झाली, उन्हं ओट्यावरून सरकली, दारातून गार वारा येऊ लागला, आणि माझ्या शेजारी बसलेल्या अण्णांच्या कपाळावर घाम होता. मांडी घातलेला एक गुडघा हलत होता. मी कानाशी वाकलो.

"अण्णा, बरं आहे ना?"

"गप बसा, दाजी. जमत आलंय."

शेवटी वैजापूर ठरलं. सुपारी फुटली, गूळ वाटला, भगवानरावांनी अण्णांचे दोन्ही हात हातात घेतले. बायकांनी आतून आवाज दिला की पानं वाढली आहेत. मंडळी उठून जेवायला गेली तेव्हा अण्णा भिंत धरून उठले आणि मोरीकडे गेले. बराच वेळ परतले नाहीत. मी जाऊन दार वाजवलं.

आतून आवाज आला तो मी कधी न ऐकलेला. "दाजी… व्हईना."

"काय होईना?"

"काहीच व्हईना. थेंब नाय."

पाहुण्यांना मी सांगितलं की अण्णांना सर्दीनं कणकण आली आहे, झोपलेत. मागच्या दारानं त्यांना गाडीत घातलं. दौलताबादहून शहर जवळ आहे असं आपण म्हणतो. त्या दिवशी शहराच्या तोंडाशी असलेली छावणीसुद्धा येता येईना. गाडीच्या खिडकीवरची मूठ धरून अण्णा डोळे मिटून बसले होते. प्रत्येक स्पीड ब्रेकरला त्यांच्या दातांचा आवाज यायचा. एवढा मोठा, मजबूत माणूस. आणि एका लहानशा अडलेल्या वाटेनं त्याला असा धरून ठेवला होता.

दवाखान्यात नळी घातली. मी पडद्याबाहेर होतो. थोड्या वेळानं आत बोलावलं तेव्हा अण्णांचा चेहरा सैल पडला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं. पहिलं त्यांनी हे विचारलं, "भगवानराव जेवून गेले ना नीट?"

डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "आजोबा, जोर लावावा लागणं, थांबून थांबून होणं, सारखं जावं लागणं, हे किती दिवसांपासून?"

अण्णा पंख्याकडे बघू लागले. "असंल दोन-चार."

"महिने?"

पंखा बंद होता. तरी अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. "वर्सं," ते म्हणाले.

नंतर त्या दवाखान्याच्या बाकावर मी पुष्कळदा बसलो. तिथे पुरुष सगळे असेच वर बघत बसलेले असतात, आणि त्यांचा त्रास त्यांच्या बायका सांगतात. अण्णांची बायको, आमच्या वहिनी, वारून तेव्हा सहा वर्षं झाली होती. अण्णांचं सांगायला कोणी नव्हतं.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची गाठीसारखी ग्रंथी, तिच्या मधून लघवीची नळी. वय वाढतं तशी ती बहुतेकांची वाढते. ते काही कॅन्सर नव्हे. पण त्यात तुंबवून ठेवलं, वर सर्दीच्या काही गोळ्या घेतल्या की तोंड आवळतं आणि वाट बंद होते. त्यांनी एक गोळी सुरू केली, काही दिवसांनी नळी निघाली. रक्त तपासलं होतं. पीएसए, म्हणजे या ग्रंथीच्या कॅन्सरची शंका दाखवणारा रक्तातला आकडा, एकोणीस. साधारण चारच्या आत असावा म्हणतात.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "अशा अडकण्यानं आणि नळीनंही तो वाढतो. सहा आठवड्यांनी पुन्हा करू. तेव्हा जो येईल तो खरा."

हे मला लगेच पटलं. माझं सारं आयुष्य वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी विभागात गेलं. तापलेल्या दांड्याचं माप घेत नाहीत, तो निवू देतात. आणि एकदा घेतलेल्या मापावर माल पास करत नाहीत, नापासही करत नाहीत. दुसरं माप हवं. ते दुसरं माप वेळेवर होतं की नाही, एवढाच त्या हिवाळ्याचा प्रश्न होता, आणि अण्णांचा जीव त्याला टांगलेला होता.

घरात मात्र वेगळाच हिवाळा सुरू झाला. सुनंदा रोज जवस भाजायची. तो तडतडण्याचा आवाज आणि खमंग, किंचित कडवट वास अजून माझ्या नाकात आहे. गॅलरीत वर्तमानपत्रावर लाल भोपळ्याच्या बिया वाळत पडायच्या, चिमण्या त्यावर टपलेल्या. कोणी सांगितलं टोमॅटो शिजवून खा, त्यात म्हणे औषध असतं. सार सुरू झालं. कोणी सांगितलं दुधीचा रस. कोणी सांगितलं सोयाबीन. अण्णांनी हे सारं व्रतासारखं घेतलं. संध्याकाळी फोन यायचा.

"दाजी, आज दोन वाट्या सार. मूठभर बिया. चहा बंद. काय म्हंता?"

"छान. पण तारीख जवळ आली, अण्णा. रक्त द्यायला कधी येताय?"

"बियांनी लई फरक पडला बघा. एकदम मोकळं."

मोकळं होत होतं ते गोळीनं. पण ते श्रेय बियांकडे गेलं. मी डॉक्टरांना मुद्दाम जाऊन विचारलं, की या खाण्याचा उपयोग किती. ते म्हणाले, "खाऊ द्या. भाज्या, डाळी, जवस, टोमॅटो, सगळं चांगलंच. तेलकट आणि मटण कमी, वजन ताब्यात, रोज चालणं. दिवसा पाणी भरपूर, झोपायच्या आधी कमी. चहा कमी. लागली की जायचं, तुंबवायचं नाही. विचारल्याशिवाय सर्दीची गोळी नाही. यातल्या काहींनी त्रास कमी होतो, हे नक्की. बिया आणि टोमॅटोनं कॅन्सर टळतो का, याची खात्री मी देणार नाही. आणि आत काय चाललंय ते भोपळ्याच्या बीला कळत नाही."

हे मी अण्णांना शब्दशः सांगितलं. ते म्हणाले, "डॉक्टर शेतकऱ्याचा नसंल."

सहा आठवडे झाले. माघातलं लग्न तोंडावर आलं. अण्णा म्हणाले, "लग्न उरकू द्या, मग करू."

सुनंदा स्वतः गेली त्यांच्याकडे. मीही होतो. ओट्यावर दोघं बहीणभाऊ बसले होते, समोर किल्ल्याचा डोंगर करडा दिसत होता.

"अण्णा, रक्तच तर द्यायचंय. पाच मिनिटांचं काम."

"आन् त्यात काय निघालं तर?"

"निघालं तर औषध करू."

"औषध तू करशील. वैजापूरला कळलं तर? कॅन्सरवाल्याची पोरगी म्हणतील तिला. जमलेलं मोडंल."

"तुझ्या जिवापेक्षा—"

"व्हय," अण्णा म्हणाले. "जास्त हाय."

रानातून कोणीतरी पाचट पेटवल्याचा धूर येत होता. परत येताना सुनंदा गाडीत एकदाच म्हणाली, "वहिनी असती तर कान धरून आणलं असतं तिनं."

लग्न थाटात झालं. अण्णा फेटा बांधून उभे होते, गोळी वेळेवर घेत होते, कोणाला शंकाही आली नाही. मग मांडवपरतणी झाली. मग गहू आला. रक्त दिलं तेव्हा शहरात उन्हाळा लागला होता. आकडा एकतीस. मग तुकडा काढून तपासला, मग हाडांचा स्कॅन. कॅन्सर निघाला, आणि तो कमरेच्या हाडात एका ठिकाणी पोचलेला होता.

मी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. ठरल्या वेळी केलं असतं तर काय फरक पडला असता?

ते म्हणाले, "खरं सांगू? सांगता येत नाही. कदाचित तेव्हाही तो हाडात असेल. कदाचित नसेल."

आयुष्यभर मापं घेणाऱ्या माणसाला हे उत्तर पचत नाही. त्या आठवड्यांची किंमत काही तरी असणार. आणि ती शून्यही असू शकते. दोन्हींच्या मधे कुठेतरी ती आहे आणि कुठलंही उपकरण तिच्यापर्यंत पोचत नाही. रांगेत वाहनं थांबलेली असताना, भाजी निवडताना, टेकडी चढताना मी अजून तो हिशेब मांडतो. तो सुटत नाही. माझा स्वभावच असा आहे की न सुटलेला हिशेब मला टाकून देता येत नाही.

अण्णा आहेत. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, रोज गोळ्या. इंजेक्शनानं अंगातून वाफा निघतात. मागच्या रविवारी सगळे शेकोटीला बसले होते आणि अण्णा एकटे स्वेटर काढून लांब बसले होते. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दूध-दही, आणि सकाळ-संध्याकाळ बांधानं चालणं. जवसाची चटणी अजून खातात. बाभळीचं लाकूड मात्र आता म्हणत नाहीत.

मी वर्षातून एकदा डॉक्टरांना विचारून माझी तपासणी करतो. गेल्या आठवड्यात टेकडीवर साखरेचे आकडे चालले होते तेव्हा मी माझा पीएसए सांगितला. जोशी म्हणाले, "अहो, हे काय चारचौघांत सांगायचं असतं?" मग उतरताना पाऊल मंद करून माझ्याजवळ आले आणि खाली बघत विचारलं, "ती उपाशीपोटी करावी लागते का हो?"

"नाही लागत."

"मग बरं," ते म्हणाले. केली की नाही ते मला अजून कळलेलं नाही.

त्या सगळ्या काळातली एक दुपार मात्र राहून राहून वर येते. मे महिना होता. स्कॅनसाठी अण्णा आमच्या घरी राहिले होते. आता लपवण्यात अर्थ नव्हता म्हणून सुनंदानंच अश्विनीला फोन केला होता, आणि ती सासऱ्यांना घेऊन आली. भगवानराव. अण्णा कॉटवर उठून बसले. टोपी शोधू लागले. ज्या माणसापासून हे लपवायला त्यांनी जीव पणाला लावला होता तो समोर खुर्चीवर बसला होता.

अश्विनी उभीच होती. "अण्णा, मला का नाही सांगितलं? मी लग्न पुढं ढकललं असतं."

"म्हणून तर नाय सांगितलं."

भगवानराव हातातल्या रुमालाची घडी उलटसुलट करत होते. मग घसा साफ करून म्हणाले, "अण्णासाहेब, माझं दोन वर्षांपूर्वी नाशकात ऑपरेशन झालंय. ह्याच गाठीचं. साधी निघाली. पण अजून धरवत नाही फार वेळ. आमच्या घरात फक्त हिच्या सासूला माहीत आहे."

अण्णांनी टोपी शोधायचं सोडून दिलं.

"बैठकीच्या दिवशी," भगवानराव पुढे म्हणाले, "मी सारखा तुमच्याकडं बघत होतो. तुम्ही एकदा उठाल, तर मलाही उठता येईल म्हणून."

"मग उठायचं ना राव!" अण्णांचा आवाज फाटला.

"मुलाकडचे आम्ही. आधी आम्ही उठलो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, स्थळ पसंत नाही."

अण्णांनी हसायला तोंड उघडलं, पण हसू आलं नाही. दोघांच्या मधे सुनंदानं ठेवलेले पाण्याचे दोन पेले होते, आणि दोघांपैकी कोणी हात लावला नव्हता.

अश्विनीनं एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे.

"आम्ही बायका आत बसलो होतो त्या दिवशी," ती म्हणाली. "किती वेळा उठलो असू मागच्या दारानं. कुणाच्या लक्षात तरी आलं का?"